मोटारसायकल, रस्ता आणि आपली मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. पुढील प्रश्न महाराष्ट्रात रोज गाडी चालवणारे, पहिल्यांदाच घाटात जाणारे आणि आपल्या मुलांच्या हाती गाडी देणारे लोक वारंवार विचारतात. उत्तरे देताना सगळीकडे एकच गोष्ट सांगायची आहे: चालकाने आपल्या क्षमतेतील थोडा भाग नेहमी शिल्लक ठेवावा, कारण रस्ता तो कधी मागेल हे आधी कळत नाही.

मर्यादा ओळखणे म्हणजे गाडी हळू चालवणे, इतकेच का?

नाही. वेग हा मर्यादेचा एक भाग आहे. मर्यादा रोज बदलते, किंबहुना एकाच प्रवासात ती अनेकदा बदलते. सकाळी सात वाजता पूर्ण झोप झालेली असताना, कोरड्या रस्त्यावर, एकट्याने जो वेग सहज झेपतो, तोच वेग संध्याकाळी सात वाजता, दिवसभराच्या कामानंतर, मागे माणूस आणि टाकीवर पिशवी असताना झेपेलच असे नाही. ज्या वेगाने एखादे वळण जेमतेम घेता येते त्याच वेगाने ते घेतले, तर वळणाच्या मध्यावर खडी दिसल्यावर चालकाच्या हातात काहीही उरत नाही.

मर्यादा ओलांडली गेल्याच्या खुणा अपघाताच्या बऱ्याच आधी दिसू लागतात. वळणात शिरल्यावर ब्रेक लावावा लागणे, गाडी पलीकडच्या बाजूला ओढली जाणे, हँडल इतके घट्ट धरले जाणे की बोटे आखडतात, आणि तासाभरात दोनदा छातीत धस्स होणे, या त्या खुणा आहेत. त्यांत सर्वांत महत्त्वाची, पण बहुतेकांच्या लक्षात न येणारी खूण म्हणजे समोरच्याने ब्रेक दाबला म्हणून आपण वाचणे. अशा वेळी चूक आपली असते आणि सांभाळून घेण्याचे कौशल्य त्याचे असते. तरीही घरी येऊन आपण सांगतो ते मात्र आपल्याच कौशल्याची गोष्ट म्हणून.

मी दहा वर्षे गाडी चालवतो आहे. मला आणखी काय शिकायचे आहे?

दहा वर्षे कोणत्या रस्त्यांवर, हे आधी पाहावे. घर ते कचेरी असा आठ किलोमीटरचा शहरातला रस्ता रोज कापणाऱ्याला गर्दीतून वाट काढण्याचा, सिग्नलवर थांबण्याचा आणि रिक्षाचा अंदाज घेण्याचा उत्तम सराव असतो. पण ताशी ७० किलोमीटर वेगाने जाताना पूर्ण ताकदीने ब्रेक लावण्याची वेळ त्याच्यावर कदाचित एकदाही आलेली नसते. वरंधा किंवा आंबेनळी घाटातले एकामागून एक येणारे नागमोडी वळण हे त्याच्यासाठी नवे काम असते आणि त्या कामात तो नवशिकाच असतो. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मोकळ्या मैदानात किंवा रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर वर्षातून एकदोनदा तासभर केवळ ब्रेक लावण्याचा सराव करावा: प्रथम ३० च्या वेगाने, मग ४० च्या, मग ५० च्या. आपली गाडी नेमक्या किती अंतरात थांबते हे पुष्कळ चालकांनी कधी मोजून पाहिलेलेच नसते.

११० सीसीची गाडी विकून ३५० सीसीची घेतली आहे. किती दिवसांत तिच्यावर हात बसेल?

दिवसांपेक्षा किलोमीटर मोजावेत आणि त्यांतही वेगवेगळ्या परिस्थितींतले किलोमीटर मोजावेत. जड गाडीचे वजन चालू असताना जाणवत नाही. ते जाणवते गाडी उतारावर लावताना, खडीत वळवताना आणि मागे माणूस बसलेला असताना सिग्नलवर पाय टेकवताना. पहिले हजारभर किलोमीटर मागे कोणालाही न बसवता, दिवसाउजेडी आणि ओळखीच्या रस्त्यांवर चालवावेत. खरेदीच्या पहिल्याच शनिवारी मित्रांबरोबर गोव्याला निघण्याचा मोह अनेकांना होतो. त्या प्रवासात गाडी नवी, रस्ता नवा आणि सोबतच्यांचा वेगही नवा असतो. शिकण्यासाठी तीन नव्या गोष्टी एकदम घेऊ नयेत.

पुढचा ब्रेक वापरला की गाडी उलटते असे घरात सांगितले जाते. हे खरे आहे का?

हा समज फार जुना आहे आणि त्याने नुकसान केले आहे. ब्रेक लावताच गाडीचे आणि चालकाचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते. त्यामुळे गाडी थांबवण्याच्या कामातला दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. केवळ मागच्या ब्रेकवर उभे राहिले की मागचे चाक जाम होते, गाडी मागून हलू लागते आणि थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. पुढचा ब्रेक धोकादायक ठरतो तो एकदम करकचून दाबल्यावर, किंवा गाडी वळणात कललेली असताना किंवा खडीवर, वाळूवर, चिखलात दाबल्यावर. योग्य पद्धत अशी की दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत आणि पुढच्या ब्रेकची पकड ओला कपडा पिळल्यासारखी क्रमाक्रमाने वाढवावी.

अंतराचा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर म्हैस आडवी आल्याचे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो, म्हणजे १७ मीटर अंतर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर उत्तम ब्रेक लावला तरी आणखी २० मीटर लागतात. वेग ८० केला की हेच आकडे २२ आणि ३६ मीटर होतात. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण प्रत्यक्ष ब्रेक लावल्यानंतरचे अंतर पाऊणपटीहून अधिक वाढले. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते.

१२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांवर १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले आहे. ते चाक जाम होऊ देत नाही, म्हणून घाबरून ब्रेक दाबला तरी गाडी सरळ राहण्याची शक्यता वाढते. मात्र ते रस्त्याची पकड वाढवत नाही आणि साध्या एबीएसला वळणात कललेल्या गाडीची फारशी जाण नसते.

घाटात गाडी कशी चालवावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर लांब आहे, कारण घाटात बहुतेक चुका एकामागून एक येतात.

वळणाआधीचे काम वळणाआधीच संपले पाहिजे. वेग कमी करणे, गिअर खाली घेणे आणि गरज असल्यास हॉर्न देणे हे सर्व गाडी सरळ असतानाच करावे. वळणात शिरल्यावर हलकी, एकसारखी रेस ठेवावी. क्लच दाबून वळण घेऊ नये, कारण त्यामुळे इंजिनाचा आधार सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. नजर वळण जिथे संपते तिथे ठेवावी. गाडी नजरेच्या मागे जाते. दरीकडच्या कठड्याकडे किंवा समोरून येणाऱ्या ट्रककडे टक लावून पाहिले, तर हात नकळत गाडी तिकडेच नेतात, आणि पुष्कळदा रस्ता मोकळा असूनही गाडी नेमकी एकुलत्या एका खांबावर जाऊन आदळते, ती याच कारणाने.

उजव्या वळणात आणखी एक धोका असतो. गाडीची चाके आपल्या बाजूला असली तरी कललेल्या चालकाचे डोके आणि खांदा मधल्या रेघेच्या पलीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत गेलेले असतात. म्हणून उजवे वळण घेताना गाडी रेघेपासून चांगली दूर ठेवावी. डाव्या आंधळ्या वळणात अगदी डोंगराला चिकटून जाऊ नये, कारण तिथून पुढचे काही दिसत नाही आणि कोसळलेली माती, दगड, पाने याच कडेला साठलेली असतात.

उतरताना जो गिअर चढण्यासाठी लागला असता साधारण तोच गिअर ठेवावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम मोटारसायकललाही लागू पडतो. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा गाडी न्यूट्रलला टाकून घाट उतरण्याची सवय अजूनही दिसते. तिच्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पाचसहा किलोमीटरनंतर, नेमक्या तीव्र वळणावर, ते पूर्वीसारखे धरत नाहीत. वाचलेल्या चार घोट पेट्रोलसाठी ही किंमत मोजू नये.

अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे आणि त्यामागे कारण आहे: चढावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा हलवणे अवघड असते. एसटी किंवा मालवाहू गाडीला तीव्र वळणावर रस्त्याची पूर्ण रुंदी लागते. वळणाच्या अलीकडे थांबून तिला वळू द्यावे. मधल्या फटीत घुसू नये. चालकाला आपण आरशात दिसत नसू, तर त्याच्यासाठी आपण तिथे नसतोच.

मी स्वतः जुलै महिन्यात ताम्हिणी घाटात पडलो आहे. वेग तीसपेक्षा कमी होता, वळण ओळखीचे होते आणि नेमके म्हणूनच लक्ष थोडे ढिले होते. रात्रीच्या वाऱ्याने पडलेली ओली पाने वळणाच्या आतल्या बाजूला दोन बोटे जाडीने साचली होती. मी पुढचा ब्रेक अगदी हलका धरला होता, तेवढाच पुरला. हँडल हातातून सुटल्यासारखे वाटले आणि पुढच्या क्षणी मी पोटावर होतो. गाडी माझ्याआधी पलीकडच्या दगडी कठड्यापर्यंत घसरत गेली होती, इंडिकेटरचे नारिंगी तुकडे पाण्याबरोबर वाहत होते. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने गाडी आधीपासूनच सावकाश ठेवली होती. त्याने शिल्लक ठेवलेले अंतर मी वापरले.

पावसाळ्यात गाडी चालवताना नेमके काय बदलते?

सर्वांत निसरडा रस्ता पहिल्या पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात असतो. महिनोन्‌महिने डांबरावर सांडलेले तेल, डिझेल आणि रबराची भुकटी पाण्यावर तरंगून वर येते; दोनचार जोराच्या सरींनी ती धुऊन गेल्यावर तोच रस्ता थोडा बरा होतो. शक्य असेल तर पहिल्या सरीच्या वेळी टपरीवर थांबून एक चहा घ्यावा.

शहरात पांढऱ्या रंगाचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलावरील लोखंडी सांधे आणि मेट्रोच्या कामासाठी टाकलेले पत्रे यांच्यावर ब्रेक लावू नये आणि गाडी कलती असू नये. कोकणात लाल मातीचा चिखल रस्त्यावर येतो आणि तो ओला असताना डांबरापेक्षा वेगळा दिसत नाही. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे कोणालाच कळत नाही, म्हणून पुढच्या गाडीच्या चाकांच्या मागे राहावे, पण अंतर दुप्पट ठेवून.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. पाणी पायाच्या घोट्याइतके दिसले तरी त्याचा जोर चाकांना बाजूला ढकलतो आणि खालची फरशी वाहून गेली आहे का हे वरून दिसत नाही. गावातला कोणी पलीकडे गेला, हा पुरावा नव्हे. त्याला पुलाची कड पावलागणिक माहीत असते. थांबावे, किंवा लांबच्या रस्त्याने जावे.

रेनकोट अंगाबरोबर असावा. मागे फडफडणारा सैल झगा चाकात किंवा चेनमध्ये अडकतो. साडीच्या पदराचे आणि ओढणीचेही तसेच, म्हणून साडीगार्ड काढून टाकू नये. मागे बसलेल्या व्यक्तीने छत्री उघडणे हे आपल्याकडे रोज दिसणारे दृश्य आहे. एका झोताने ती छत्री शिडासारखी फुगते आणि गाडी ओढते किंवा उलटी होऊन चालकाच्या डोळ्यांसमोर येते.

रात्रीच्या प्रवासात कोणता धोका सर्वांत मोठा आहे?

दिव्याच्या प्रकाशापलीकडे धावणे. मोटारसायकलच्या डिपरच्या प्रकाशात साधारण ३० ते ४० मीटरपर्यंतचे नीट दिसते आणि वर पाहिल्याप्रमाणे ६० च्या वेगाने थांबायला ३७ मीटर लागतात. म्हणजे साठचा वेग ही त्या प्रकाशाची शेवटची सीमा झाली, आणि तीही कोरड्या रस्त्यावर.

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, हा धोका फार वाढतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याला जातो. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, लावलेला परावर्तक पट्टा चिखलाने झाकलेला असतो आणि उसाची टोके दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली असतात. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लागलेली असतील तर हॉर्न ऐकू जात नाही. पहाटे बैलगाड्यांची रांग असते, तिला तर दिवा नसतोच. मागची ट्रॉली वळताना आत ओढली जाते, म्हणून वळणावर तिला ओलांडू नये. ट्रॉलीतून पडलेले उसाचे कांडे चाकाखाली आले तर ते लाटण्यासारखे फिरते. सुगीच्या दिवसांत मळणीसाठी रस्त्यावर पसरलेले सोयाबीन आणि बाजरी यांचेही असेच होते.

समोरून अपर मारत वाहन आले, तर त्याच्या दिव्याकडे न पाहता डाव्या कडेची पांढरी रेघ पाहत जावे आणि वेग उतरवावा. आपणही अपर मारून उत्तर दिले, तर रस्त्यावर दोन आंधळे चालक होतात.

गणपतीला मुंबईहून गावी मोटारसायकलने जाणे योग्य आहे का?

जाता येते, पण ते कसे आणि कधी यावर सारे अवलंबून आहे. मुंबईहून सावंतवाडी सुमारे ५०० किलोमीटर आहे. दिवसभर काम करून रात्री नऊला निघायचे आणि सकाळी आरतीला पोहोचायचे, हा अनेक चाकरमान्यांचा बेत असतो. त्यात माणूस आधीच पंधरासोळा तास जागा असतो. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागतेच, दुपारी दोन ते चार या वेळेत पुन्हा मागते. डुलकी तीन सेकंदांची असते. ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ५० मीटर चालकाविना जाते. चहा, तंबाखू, चेहऱ्यावर पाणी, मोठ्याने गाणे म्हणणे यांनी झोप थोडी लांबते, भागत नाही. मागचा एक किलोमीटर कसा गेला हे आठवत नसेल, तर लगेच थांबण्याची वेळ झाली आहे. उजेड आणि माणसांची वर्दळ असलेल्या ठिकाणी, पेट्रोलपंपावर किंवा हॉटेलात, गाडी लावून वीस मिनिटे खरोखर झोपावे.

पहाटे पाचला निघावे, दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे, चिपळूण किंवा रत्नागिरीला मुक्कामाची सोय ठेवावी. गाडीवर मखराचे सामान, फळांची पेटी आणि मागे कुटुंब अशी लादणी करू नये. सामान एसटीने किंवा रेल्वेने जाणाऱ्या नातेवाईकाबरोबर द्यावे. कचेरीतून पुरेशी रजा मिळाली नाही म्हणून रात्र जागून जाण्यापेक्षा, बाप्पा घरी आल्यानंतर एक दिवस उशिरा पोहोचावे.

मुलांना आणि मागे बसणाऱ्याला घेताना काय पाहावे?

कायद्याने चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. मागच्या व्यक्तीचे वजन ब्रेक लावण्याचे अंतर वाढवते आणि गाडीचा तोल बदलते, म्हणून टायरमधील हवा माहितीपुस्तिकेप्रमाणे वाढवावी. मागे बसणाऱ्याने वळणात चालकाच्या खांद्यावरून वळणाच्या दिशेने पाहावे; उलट्या बाजूला झुकल्यास गाडी वळत नाही.

चार वर्षांखालील मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत: मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नाही. टाकीवर बसवलेले मूल हँडल आणि चालकाची छाती यांच्यामध्ये असते. साध्या धक्क्यातही सर्वांत आधी त्यालाच लागते. शाळा जवळच आहे हे कारण पुरेसे नाही.

मित्रांबरोबर गटाने जाताना मागे पडण्याची लाज वाटते. काय करावे?

ही लाज पुष्कळांना वाटते आणि ती बोलून दाखवली जात नाही, म्हणून ती धोकादायक ठरते. गटाचा वेग सर्वांत नवख्या चालकाच्या वेगाइतका असावा आणि त्याला पुढच्या चालकाच्या लगेच मागे ठेवावे. शेवटी सर्वांत अनुभवी व्यक्ती असावी. निघण्यापूर्वी थांबण्याची ठिकाणे ठरवावीत, म्हणजे मागे राहिलेल्याला गाठण्यासाठी धावावे लागत नाही. पुढच्याने ओव्हरटेक केले म्हणून आपण करू नये, कारण त्याने पाहिलेला मोकळा रस्ता आपल्या वेळी मोकळा नसतो. ज्या गटात थांबतो म्हटल्यावर टोमणे ऐकावे लागतात, त्या गटाबरोबर दुसऱ्यांदा जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

एक बिअर घेतल्यावर चालवता येते का?

येत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण दुचाकीला तोल लागतो आणि तोल त्या मर्यादेच्या आधीच बिघडू लागतो. उशिरापर्यंत घेतलेली दारू सकाळी उतरलेली असेलच असे नाही. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. औषध घेतानाच गाडी चालवता येईल का हे डॉक्टरांना विचारावे.

हेल्मेट निवडताना काय पाहावे?

१ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाचेच दुचाकी हेल्मेट विकता येते. चिन्हाजवळ आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा. पूर्ण चेहरा झाकणारे घ्यावे, कारण पडताना हनुवटी आणि जबडा यांनाही मार बसतो. हेल्मेट घालून डावीउजवीकडे हलवले तर गालांची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे; हेल्मेट नुसतेच फिरले तर ते मोठे आहे. पट्टा लावून मागून वर ओढल्यावर ते डोक्यावरून निघता कामा नये. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की तो पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात निघून जाते. ते केवळ पोलिसांसाठी घातलेले असते. मागे बसणाऱ्यालाही तेच लागू आहे.

मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि कॉलेजसाठी गाडी मागतो. द्यावी का?

सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीसाठी असतो. नेहमीच्या स्कूटर आणि मोटारसायकली त्यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. अठराव्या वर्षी शिकाऊ परवाना काढून द्यावा आणि पहिले काही महिने त्याच्यामागे आपण आपल्या गाडीवर जावे. मुले आपले बोलणे ऐकतात त्यापेक्षा आपण सिग्नलला काय करतो हे अधिक पाहतात.

कोणत्या रस्त्यांवर मोटारसायकल नेता येत नाही?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांवर दुचाकींना मनाई आहे. गुगल नकाशात दुचाकीचा पर्याय निवडून ठेवला, तर चुकून तिकडे वळण्याची शक्यता कमी होते.

निघण्यापूर्वी गाडीत काय पाहावे?

दोन मिनिटे पुरतात. थंड टायरमध्ये हवा, टायर गोटा झालेला नाही ना, दोन्ही ब्रेक, ब्रेकचा मागचा दिवा, चेन ढिली आहे का, इंजिन ऑइल. ब्रेकचा दिवा बहुतेक वेळा राहून जातो, कारण तो आपल्याला दिसत नाही. रात्री भिंतीजवळ गाडी उभी करून ब्रेक दाबला की लाल उजेड दिसतो.

समोर कोणी पडलेले दिसले तर मदत केल्याने आपण अडकतो का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत, मग १०८ किंवा ११२ वर फोन करून किलोमीटरचा दगड किंवा जवळचे गाव सांगावे. श्वास अडत नसेल तर जखमीचे हेल्मेट काढू नये आणि त्याला खांद्याला-पायाला धरून उचलू नये. मान दुखावलेली असू शकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरावे. पाणी पाजण्याची घाई करू नये.

वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि अजून मोटारसायकल चालवतात. त्यांना गाडी बंद करा असे कसे सांगावे?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी संकोच असतो, कारण याच वडिलांनी त्याला गाडी शिकवलेली असते. वय हा एकच निकष धरू नये. पन्नाशीनंतर परवाना थोड्या काळासाठी नव्याने मिळतो आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, पण ते कागदावरचे काम आहे. घरच्यांना त्यापेक्षा अधिक दिसते. आरशात न पाहता वळणे, उजव्या बाजूच्या रिक्षाचा अंदाज चुकणे, रात्री समोरच्या दिव्याने पुष्कळ वेळ डोळे दिपणे, गाडी स्टँडवर लावताना दम लागणे, गाडीवर नवे ओरखडे दिसणे, या गोष्टी त्यांच्याबरोबर दोनदा मागे बसून शांतपणे पाहाव्यात. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ फरक पडतो, म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत.

नंतर एकदम किल्ली काढून न घेता, काय सुटू शकते ते मिळून ठरवावे. आधी रात्रीची गाडी सुटते, मग महामार्ग, मग मागे माणूस बसवणे. मोटारसायकलऐवजी हलकी स्कूटर चालेल का, हे त्यांनाच चालवून पाहू द्यावे. माझ्या वडिलांनी हे टप्पे स्वतःच ठरवले होते. शेवटची दोन वर्षे ते फक्त सकाळी, भाजी आणायला, दीड किलोमीटरवरच्या मंडईपर्यंत जात, हेल्मेटचा पट्टा लावत आणि परत आल्यावर गाडीवरची धूळ पुसून ठेवत. एका दिवाळीत त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख सांगितली.